सातवर घुमा, चौदावर पत्र्याचा: साइडबँड बदलला की आवाज का बदलतो?

दिवाळीनंतरच्या एका रविवारी शनिवार पेठेतले एक ज्येष्ठ हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, आपला जुना रेडिओ सेट कापडी पिशवीत घालून माझ्याकडे आले. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. चहा यायच्या आत त्यांनी गाऱ्हाणं मांडलं. "अरे, सकाळी सातवर बोललो की पोरं विचारतात, काका, घोंगडीत तोंड घालून बोलताय का? दुपारी चौदावर गेलो की तीच पोरं म्हणतात, पत्र्याच्या डब्यातून आवाज येतोय. माइक तोच, तोंड तेच. मग हे काय?"

सात म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा बँड आणि चौदा म्हणजे १४ मेगाहर्ट्झचा. काकांनी माइक बदलून पाहिला होता, अँटेना उतरवून पुन्हा चढवली होती, पॉवर सप्लायही दुसरा लावला होता. गुण आला नव्हता. असा सेट समोर आला की बहुतेक जण आधी स्क्रू ड्रायव्हर उचलतात. मी आधी ऐकायला बसतो, कारण या दुखण्यात बिघाड कुठे आहे हे सेट बऱ्याच अंशी आवाजातूनच सांगतो. फक्त कशाकडे कान द्यायचा ते कळायला हवं.

आधी एक खुलासा. पोलिसांच्या किंवा सोसायटीच्या वॉचमनच्या हातातल्या वॉकीटॉकीला हे दुखणं होत नाही. ते सेट एफएमवर चालतात, त्यांत साइडबँड निवडायचा प्रश्नच नसतो. हे दुखणं सिंगल साइडबँडच्या सेटचं. लांब पल्ल्याला बोलणारे हॅम, समुद्रावरून जाणारी विमानं, जहाजं आणि लष्कर यांच्याकडे ते असतात.

मध्यम लहरीवरची आकाशवाणी आपल्याला तीन भागांत मिळते. मधोमध एक स्थिर लहर असते, तिला कॅरियर म्हणतात. तिच्या वरच्या अंगाला आवाजाची एक प्रत असते, ती अप्पर साइडबँड. खालच्या अंगाला तीच प्रत आरशात पाहिल्यासारखी उलटी असते, ती लोअर. कॅरियरमध्ये बोलण्याचा एक शब्दही नसतो, पण पूर्ण मॉड्युलेशनला, म्हणजे आवाज कॅरियरवर कमाल चढवला तरीसुद्धा, ताकदीचा दोन-तृतीयांश वाटा तोच खातो. राहिलेल्या एक-तृतीयांशात एकच मजकूर दोनदा पाठवला जातो. जॉन कार्सन या अमेरिकी अभियंत्याने १९१५ मध्ये यावर पेटंटचा अर्ज केला. त्याची कल्पना अशी की कॅरियर गाळा, एक साइडबँडही गाळा आणि उरलेला एकच पाठवा. १९२७ साली न्यूयॉर्क-लंडन रेडिओ टेलिफोन सुरू झाला तो याच पद्धतीवर. त्याच वर्षी आपल्या खडकीहून इंग्लंडला बिनतारी तारा जायला लागल्या. पाठवणारं केंद्र खडकीला आणि घेणारं दौंडला होतं. त्यावर तारा जात, बोलणं नव्हे. तरी पुण्याचं बिनतारीशी नातं किती जुनं आहे हे आठवलं की मला बरं वाटतं.

कॅरियर गाळला की ऐकणाऱ्याच्या सेटला तो पुन्हा मिसळावा लागतो. त्याशिवाय शब्द उमटत नाहीत. हे काम सेटमधला एक छोटा ऑसिलेटर, म्हणजे स्थिर लहर तयार करणारं सर्किट, करतो. ऐकताना त्याला बीएफओ म्हणतात आणि बोलताना कॅरियर ऑसिलेटर, पण बहुतेक सेटमध्ये दोन्ही कामं एकच करतो. एक साइडबँड गाळायचं काम क्रिस्टल फिल्टरचं. तो ठरावीक पट्ट्यातल्याच फ्रिक्वेन्सी पुढे सोडतो, आणि बहुधा ऐकताना-बोलताना तोच वापरला जातो. आपल्या दुखण्यात मुख्य पात्रं हीच दोन.

आता एक ३० सेंटीमीटरची शाळेतली फूटपट्टी घ्या आणि बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. पुठ्ठ्यात २४ सेंटीमीटर लांबीची आडवी खिडकी कापा. मी काकांसमोर हेच केलं.

एक सेंटीमीटर म्हणजे १०० हर्ट्झ धरा. मग ही पट्टी म्हणजे ० ते ३००० हर्ट्झ, बोलण्यातलं जवळजवळ सगळं महत्त्वाचं तीत आलं. डाव्या टोकाला आवाजाचा भरदारपणा, डग्ग्यासारखा. उजव्या टोकाला 'स', 'च', 'ट' यांची धार, तबल्याच्या चाटीसारखी. पट्टीवरचा शून्य म्हणजे कॅरियर. पुठ्ठ्यातली खिडकी म्हणजे २.४ किलोहर्ट्झ रुंदीचा फिल्टर. खिडकीतून जेवढी पट्टी दिसते तेवढाच आवाज पुढे जातो.

पट्टी खिडकीमागे अशी धरा की शून्य खिडकीच्या डाव्या कडेच्या ३ सेंटीमीटर बाहेर राहील. खिडकीत ३ ते २७ दिसतं, म्हणजे ३०० ते २७०० हर्ट्झ. हा झाला नीट जुळलेला अप्पर साइडबँड. आता पट्टी फिरवून शून्य उजवीकडे घ्या आणि उजव्या कडेच्या ३ सेंटीमीटर बाहेर ठेवा. पुन्हा ३ ते २७ दिसतं, फक्त उलट्या क्रमाने. हा लोअर. दोन्हीकडे सारखाच तुकडा दिसतो, म्हणून सेट जुळलेला असला की दोन्ही साइडबँडवर आवाज सारखा येतो.

खऱ्या सेटमधले आकडे असे. बँड कुठलाही असो, असा सेट सिग्नल आतल्या एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणूनच गाळतो, काकांच्या सेटमध्ये ९ मेगाहर्ट्झवर. ९ मेगाहर्ट्झच्या फिल्टरचा मध्य ९००० किलोहर्ट्झवर असतो. अप्परसाठी कॅरियर ८९९८.५ वर बसतो, लोअरसाठी ९००१.५ वर. दोन्ही मध्यापासून दीड किलोहर्ट्झ दूर. प्रत्येकाला बहुधा वेगळा क्रिस्टल, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणारा स्फटिक, असतो, आणि त्याला थोडं वरखाली सरकवणारा एक इवलासा ट्रिमर.

मग मी काकांना म्हटलं, "आता पट्टी जागची हलवू नका, पुठ्ठाच दोन सेंटीमीटर उजवीकडे सरकवा." त्यांनी सरकवला. अप्परच्या पट्टीवर खिडकीत ५ ते २९ दिसायला लागलं. खालचा भरदारपणा गेला, धार तेवढी राहिली. हाच पत्र्याचा डबा. लोअरसाठी पट्टी फिरवली तर खिडकीत १ ते २५. धार कापली गेली आणि खालचा घुमारा जास्तीचा आला. घोंगडीतला आवाज तो हाच.

काका थोडा वेळ पुठ्ठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे दोन रोग नाहीत. एकच आहे."

या दुखण्याची सगळी मेख इथे आहे. एक साइडबँड पातळ आणि दुसरा घुमा असेल, तर दोन्हींना सामाईक असलेलं काहीतरी सरकलं आहे. फिल्टरचा मध्य हलला असेल, नाहीतर दोन्ही कॅरियर एकाच दिशेला गेले असतील. एकच साइडबँड बिघडला आणि दुसरा ठणठणीत असेल, तर त्या एका बाजूच्या क्रिस्टलकडे आणि ट्रिमरकडे जा, फिल्टरला हात लावू नका. दोन्ही सारखेच पातळ असतील, तर दोन्ही कॅरियर मध्यापासून जास्त लांब गेले आहेत किंवा कुणीतरी अरुंद फिल्टर बसवला आहे. आणि दोन्ही सारखेच घुमे असतील, तर साइडबँडच्या फंदात पडण्याआधी स्पीकर, माइक आणि ऑडिओचे कपॅसिटर तपासा.

पण या निष्कर्षावर यायच्या आधी एक सापळा ओळखायला हवा. हौशी रेडिओत असा संकेत आहे की १० मेगाहर्ट्झच्या खाली लोअर वापरायचा आणि वर अप्पर. त्यामुळे सातवरून चौदावर गेलं की बँड आणि साइडबँड दोन्ही एकाच वेळी बदलतात. दोष कोणाचा ते त्यातून कळत नाही. चौदावर अँटेनाची लहर माइकच्या वायरीत शिरून आवाज फाटत असेल, तर तो साइडबँडचा दोष मुळीच नाही. म्हणून बँड तोच ठेवा आणि फक्त साइडबँड बदला. सातवरच आधी लोअर ऐका, मग अप्पर. बोलून पाहायचं असेल तर अँटेना काढून तिच्या जागी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे ताकद पिऊन टाकणारा रोध, लावा आणि शेजारच्या दुसऱ्या सेटवर ऐका. परवाना असलेल्या माणसानेही चाचणीसाठी बँडवर उगाच हॅलो-हॅलो करत बसू नये, तिथे इतर लोक बोलत असतात.

दुसरा गोंधळ स्वर आणि पोत यांचा होतो. ट्यूनिंग थोडं चुकलं तर प्रत्येक घटक सारख्याच हर्ट्झने सरकतो. आवाजात २००, ४००, ६०० अशी शिडी असेल आणि डायल १५० ने चुकली, तर ती ३५०, ५५०, ७५० होते. आता पायऱ्यांचं एकमेकींशी असलेलं नातंच तुटलं. माणूस बदकासारखा बोलू लागतो तो यामुळे. डायल किंवा आरआयटीचं, म्हणजे फक्त ऐकण्याची फ्रिक्वेन्सी किंचित सरकवणारं, बटण फिरवलं की हे सुधारतं. फिल्टरने कापलेला आवाज मात्र डायल कितीही फिरवली तरी परत येत नाही. माणूस ओळखू येतो, सूर बरोबर असतो, फक्त डग्गा नाहीतर चाट गायब असते. काकांना बदक कुणीच म्हटलं नव्हतं, हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

आणि हो, आयएफ शिफ्टचं बटण, ऐकताना फिल्टरची खिडकी बाजूला सरकवणारं. ते मधल्या खुणेवर आहे ना, हे सगळ्यात आधी बघा. ते एका बाजूला राहिलं तर ऐकताना हाच परिणाम हुबेहूब दिसतो, आणि सेट उघडायची गरजच नसते. नव्या डिजिटल सेटमध्ये फिल्टर आणि कॅरियर दोन्ही गणिताने तयार होतात, ते उन्हाने सरकत नाहीत. तिथे मेनूतली ट्रान्समिटची बँडविड्थ आणि इक्वलायझर बघा. काही सेटमध्ये दोन्ही साइडबँडचे कॅरियर पॉइंटही मेनूतच असतात आणि कुणीतरी चाळा म्हणून बदललेले असतात.

काकांचं बटण मध्यावर होतं. मग आम्ही खसखस मोजायला घेतली.

रिकाम्या जागी रिसीव्हर जी खसखस करतो तीत सगळ्या फ्रिक्वेन्सी साधारण सारख्या असतात. ती फिल्टरमधून गेली की फिल्टरचाच आकार घेऊन बाहेर येते. मोबाइलवर आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही फुकटचं अ‍ॅप चालतं. मोबाइल स्पीकरसमोर ठेवायचा, लोअरवर अर्धा मिनिट बघायचं, मग काहीही न हलवता अप्परवर. मोबाइलचा माइक फार अचूक नसतो, स्पीकरही नसतो. पण दोन्ही वेळा तोच माइक आणि तोच स्पीकर आहे, त्यामुळे त्यांच्या चुका तुलनेतून वजा होतात. फक्त एक जपा: आजकाल प्रत्येक इमारतीत एलईडी दिवे आणि चार्जर यांचा गोंगाट असतो, आणि त्याला स्वतःचे उंचवटे असतात. शंका आली तर अँटेना काढा. बऱ्याच सेटची स्वतःची खसखस या कामाला पुरते.

काकांच्या सेटवर अप्परमध्ये अ‍ॅपवरच्या आलेखाचा डोंगर ५०० च्या आसपास चढत होता आणि २९०० ला उतरत होता. लोअरमध्ये १०० च्या जरा पुढे चढत होता आणि २५०० ला संपत होता. पुठ्ठ्याने सांगितलेलं तेच आता पडद्यावर दिसत होतं.

तरी मी आणखी एक साक्ष घेतो, आणि ती पुणेकराला घरबसल्या मिळते. पुणे आकाशवाणीचं मध्यम लहरीवरचं केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर आहे. तिथला कॅरियर आपल्यासाठी तयार मोजपट्टी होतो. तुमचा सेट मध्यम लहर पकडत असेल तर अँटेनाऐवजी हातभर वायर लावा, नाहीतर जवळचं केंद्र सेटला दडपून टाकतं. अप्परवर डायल ७९२ च्या खाली न्या. ७९१.७० वर ३०० हर्ट्झची शिट्टी ऐकू येते, ७८९.३० वर २७०० ची. लोअरवर उलट, ७९२.३० आणि ७९४.७०. निवेदन आणि गाणं यांच्यामधली शांतता साधा आणि शिट्टी कुठे क्षीण होते ते बघा. कानावर विसंबू नका, कारण सेटमधली एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय) आवाज सारखा करत राहते. एस मीटरचा, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरचा, काटा बघा, तो खरं बोलतो. दोन्ही बाजूंना काटा सारख्याच अंतरावर पडायला हवा.

काकांकडे काटा अप्परला लवकर पडला, आणि लोअरला शिट्टी अगदी खर्जात जाईपर्यंत टिकला. तिसरी साक्ष त्यांनीच दिली, सहज बोलता बोलता. सातवर त्यांच्या आवाजामागे बारीक शिट्टी येते असं कुणीतरी सांगितलं होतं. तेही बसत होतं. कॅरियर फिल्टरच्या कडेपासून फक्त १०० हर्ट्झवर राहिला, तर फिल्टर त्याला पुरता अडवू शकत नाही. बोलताना तो थोडा बाहेर गळतो, आणि जरा बाजूला ट्यून केलेल्या माणसाला शिट्टी होऊन ऐकू जातो. चौदावर तोच कॅरियर ५०० हर्ट्झ दूर, त्यामुळे तिथे तक्रार नव्हती.

सेट उघडला. सेट ट्रान्झिस्टरचा होता म्हणून मी निर्धास्त होतो. वाल्व्हच्या सेटमध्ये आउटपुटच्या प्लेटवर कित्येकशे व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतात. ते काम माहीत नसेल तर झाकण काढूच नका.

फिल्टरच्या पायांवरचं डाक बाकीच्या बोर्डापेक्षा चकचकीत होतं. आजूबाजूला राळेचा पिवळा डाग होता. कधीतरी, काकांच्या हातात सेट येण्याआधी, फिल्टर बदलला गेला होता. बदललेला फिल्टर वाईट नव्हता, फक्त त्याचा मध्य ९००० ऐवजी ९०००.२ वर होता. बदलणाऱ्याने कॅरियर पुन्हा जुळवले नव्हते, एवढंच. क्रिस्टलच्या दुनियेत २०० हर्ट्झ ही क्षुल्लक चूक आहे: ९ मेगाहर्ट्झचे दहा लाख भाग केले तर त्यातले जेमतेम २२. वय झालेला क्रिस्टल किंवा पुण्याचा एप्रिल-मे सुद्धा यातला काही हिस्सा सरकवू शकतो. कानाला मात्र २०० हर्ट्झ म्हणजे अख्खा डग्गा.

उपाय उघड होता. खिडकी भिंतीतून काढता येत नाही, म्हणून पट्टी सरकवायची. दोन्ही कॅरियर २०० हर्ट्झने वर, ८९९८.७ आणि ९००१.७ वर. सेट अर्धा तास चालू ठेवला, फ्रिक्वेन्सी काउंटर लावला आणि प्लॅस्टिकच्या अ‍ॅलाइनमेंट काडीने ट्रिमर फिरवला. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर इथे चालत नाही. तो नुसता जवळ नेला तरी आकडा पळतो, आणि काढला की परत येतो. ट्रिमर एका वेळी केसभरच फिरतो. अप्परचा लगेच जुळला. लोअरचा १५० पर्यंत जाऊन अडला, त्याचा पल्ला संपला. मग त्याच्या शेजारचा काही पिकोफॅरडचा कपॅसिटर बदलावा लागला. त्यासाठी काका स्वतः तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन आले. ट्रिमर फिरवायच्या आधी त्याच्या मूळ जागेची पेन्सिलने खूण केली होती. ती खूण प्रत्येकाने करावी, कारण आपला अंदाज चुकला तर परतीची वाट तीच असते.

एक काम यानंतर उरतं आणि ते विसरलं जातं. कॅरियर सरकले की डायलवरचा आकडाही तेवढाच चुकतो, जर सेटचा डिस्प्ले कॅरियर स्वतः मोजत नसेल तर. काकांचा मोजत नव्हता. पुन्हा ७९२ वर जाऊन आम्ही डायल जुळवली. अप्पर आणि लोअर दोन्हीवर शिट्टी एकाच आकड्याला शून्यात विरली, तेव्हा ते काम संपलं.

स्वतः सेट बांधणाऱ्यांसाठी दोन शब्द. हैदराबादच्या अशर फरहान यांनी २००३ मध्ये बिटएक्स या सेटचं डिझाइन खुलं केलं. हाताशी मिळणाऱ्या साध्या क्रिस्टलांचा फिल्टर करून सेट बांधायची वाट त्याने अनेकांना दाखवली. ओळीने जोडलेल्या क्रिस्टलांच्या अशा शिडी फिल्टरचे दोन्ही उतार सारखे नसतात. वरच्या फ्रिक्वेन्सीकडचा उतार कड्यासारखा तीव्र असतो आणि खालचा सिंहगडाच्या गाडीरस्त्यासारखा निवांत. म्हणून अशा फिल्टरवर दोन्ही बाजूंना कॅरियर समान अंतरावर ठेवूनही आवाज सारखा येत नाही. निवांत उताराच्या बाजूला खालचे स्वर हळूहळू मावळतात आणि गाळलेला साइडबँडही थोडा डोकावतो. तिथे अंतर आकड्याने ठरवू नका, खसखशीचा डोंगर बघून ठरवा. फरहान यांच्याच पुढच्या मायक्रोबिटएक्समध्ये ही अडचण मुळातच टाळली आहे. बीएफओ एकाच जागी राहतो आणि साइडबँड उलटवण्याचं काम दुसरा ऑसिलेटर करतो. मला ही युक्ती फार सुंदर वाटते, कारण दोन्ही साइडबँड फिल्टरच्या एकाच कडेला टेकून बाहेर पडतात.

काकांचा सेट रात्रभर माझ्या टेबलावर बंद ठेवला. गरम सेटवर जुळवलेलं थंड सेटवर टिकतं का, हे सकाळीच कळतं. साडेसहाला चालू करून लगेच मोजलं. अप्परचा डोंगर ३१० ला चढत होता, लोअरचा २९० ला. सातवर सगळे जमायला अजून वेळ होता, तेवढ्यात काका सेट न्यायला आले.